पॉल क्लिप्श : कोपऱ्यातल्या भोंग्याचा उस्ताद

लाऊडस्पीकरच्या धंद्यात माल फार काळ टिकत नाही. दुकानदाराने आज मांडलेले मॉडेल दोन-तीन वर्षांत कंपनी बंद करते, नवा नंबर, नवा रंग आणि नवी किंमत येते, आणि जुन्याचा सुटा भाग मागायला गेलेल्या गिऱ्हाइकाला ‘आता ते येत नाही’ एवढेच उत्तर मिळते. अशा या धंद्यात १९४६ साली विकायला निघालेला एक लाऊडस्पीकर अमेरिकेतल्या एका लहान गावात अजूनही बनतो आहे. नाव तेच, मूळ आराखडा तोच, गावही तेच. या लाऊडस्पीकरचे नाव क्लिप्शहॉर्न. तो घडविणारे पॉल विल्बर क्लिप्श ५ मे २००२ रोजी वयाच्या ९८ व्या वर्षी वारले.

आपल्या वाचकांत रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारे आहेत, लग्नकार्याला साऊंड भाड्याने देणारे आहेत, आणि स्पीकरची खोकी ठोकून देणारे सुतारही आहेत. या तिन्ही कामांचा क्लिप्श यांच्या आयुष्याशी संबंध येतो. मोठे भांडवल, मोठे शहर, जाहिरातीचा मारा यातले काहीही हाताशी नसताना एक माणूस एकच वस्तू हातात घेऊन बसला आणि ती वस्तू त्याच्यामागेही चालत राहिली, हे कसे झाले ते पाहण्यासारखे आहे.

टपालाची नळी

क्लिप्श यांचा जन्म ९ मार्च १९०४ रोजी इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावी झाला. पंधरा वर्षांचे असताना, म्हणजे १९१९ साली, त्यांनी एक रेडिओ जुळविला. कानाला लावायचा इअरफोन आणि टपालाने कागद पाठवायची पुठ्ठ्याची नळी एवढ्या सामानातून त्यांनी आवाज मोठा करायचे साधन तयार केले. लोकांसाठी नियमित रेडिओ कार्यक्रम तेव्हा सुरूदेखील झाले नव्हते. पुठ्ठ्याच्या नळीत बारीक आवाज घातला की तो भरून बाहेर येतो, ही गोष्ट त्या मुलाच्या मनात पक्की बसली असावी. पुढे जन्मभर त्याने याच गोष्टीचा पाठपुरावा केला.

१९२६ साली न्यू मेक्सिकोतल्या शेतकी आणि यंत्रविद्येच्या कॉलेजातून ते विजेचे इंजिनिअर झाले. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत नोकरी लागली. तिथून १९२८ साली ते दक्षिण अमेरिकेत चिली देशात गेले. समुद्राकाठच्या टोकोपिया बंदराजवळ सोऱ्याच्या खाणींची विजेवर चालणारी रेल्वे होती, तिच्या इंजिनांची देखभाल त्यांच्याकडे आली. तीन वर्षे त्यांनी हे काम केले. परत येऊन १९३४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाची वरची पदवी घेतली आणि टेक्सासमध्ये जमिनीखालचे तेल शोधण्याच्या धंद्यात पडले. जमिनीत हादरे सोडायचे आणि परत येणाऱ्या लाटा मोजून खाली काय आहे ते ओळखायचे, असे ते काम.

रेल्वेची इंजिने, तेलाचा शोध आणि मग दुसऱ्या महायुद्धात तोफगोळ्यांची चाचणी. लष्कराने त्यांना आर्कान्सा राज्यात होप नावाच्या गावाजवळच्या चाचणी मैदानावर नेमले. होप म्हणजे आशा. कलिंगडांसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव तेव्हाही लहान होते आणि आजही त्याची वस्ती दहा हजारांच्या आत आहे. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले बिल क्लिंटन १९४६ साली याच गावी जन्मले. क्लिप्श यांची कंपनीही त्याच वर्षी तिथेच जन्माला आली, हा योगायोग गावकऱ्यांना सांगायला आवडत असणार.

भोंग्याचे गणित

क्लिप्श यांचे काम समजायचे तर आधी भोंगा काय करतो ते पाहिले पाहिजे. कारागीर मंडळींना हे हाताने ठाऊक आहे, पण कारण सांगितलेले बरे.

स्पीकरचा कागदी कोन पुढे-मागे हलतो आणि हवेला धक्का देतो. अडचण अशी की कोन जड असतो आणि हवा अगदी हलकी. मोकळ्या हवेला ढकलणे म्हणजे पाण्याबाहेर वल्हे मारण्यासारखे आहे. जोर लागतो, हात हलतो, पण होडी पुढे सरकत नाही. साध्या खोक्यातल्या स्पीकरला दिलेल्या विजेपैकी शेकडा एक भागसुद्धा पुष्कळदा आवाजात उतरत नाही, बाकीची सगळी तारेच्या गुंडाळीत उष्णता होऊन जाते. कोनाच्या पुढे भोंगा बसविला की अरुंद तोंडाशी कोंडलेली हवा कोनाला चांगला भार देते आणि तो भार हळूहळू पसरत मोकळ्या हवेपर्यंत पोचतो. मग कोन थोडाच हलतो आणि आवाज मात्र पुष्कळ निघतो. तोंडाभोवती दोन्ही हातांचे तळवे धरून लांबच्या माणसाला हाक मारतो तीच ही युक्ती. चावीच्या ग्रामोफोनला कर्णा होता तो याचसाठी. बोलपटांच्या सुरुवातीच्या काळात अ‍ॅम्प्लिफायर मोजक्या वॉटचे असत, म्हणून पडद्यामागे मोठाले भोंगे ठेवून थिएटर भरावे लागे. प्रचाराच्या रिक्षावर गाडीच्या बॅटरीवर चालणारा भोंगा दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू जातो, त्यामागचे कारणही हेच.

पण भोंग्याला एक मोठी खोड आहे. आवाज जितका खालचा, तितका भोंगा मोठा लागतो. ३५ हर्ट्झच्या, म्हणजे अगदी खर्जातल्या आवाजाची लाट जवळजवळ १० मीटर लांब असते. ही लाट नीट बाहेर काढायची तर भोंग्याचे तोंड खोलीच्या भिंतीएवढे आणि लांबी खोलीएवढी करावी लागेल. असा भोंगा घरात ठेवला तर माणसांनी राहायचे कुठे? म्हणून रिक्षावरच्या भोंग्यातून बोलणे खणखणीत येते, पण तबल्याचा डग्गा येत नाही.

क्लिप्श यांनी या अडचणीवर दोन उपाय एकत्र जोडले. पहिला उपाय खोलीच्या कोपऱ्याचा. दोन भिंती आणि जमीन जिथे मिळतात त्या कोपऱ्यात आवाजाला पसरायला मोकळ्या जागेच्या फक्त आठव्या हिश्श्याएवढी जागा असते. त्यामुळे भोंग्याचे तोंडही आठव्या हिश्श्याचे पुरते. कोपऱ्याचा असा उपयोग त्यांच्या आधी इंग्लंडमध्ये पॉल व्हॉइट यांनी १९३० नंतरच्या दशकात करून दाखविला होता, तेव्हा ती कल्पना एकट्या क्लिप्श यांची नव्हे. दुसरा उपाय घडी घालण्याचा. कोनाचे तोंड त्यांनी खोक्याच्या आत वळविले, आवाज एका अरुंद फटीतून काढला, वर-खाली आणि मग मागे असा फिरविला आणि शेवटी खोक्याच्या दोन्ही बाजूंनी भिंतीलगत बाहेर सोडला. भोंग्याचा शेवटचा भाग त्यांनी लाकडात केलाच नाही. खोलीच्या दोन भिंती हाच तो भाग. घरमालकाने आधीच बांधून ठेवलेली भिंत त्यांनी आपल्या मालात फुकट सामील करून घेतली. हिशेबी माणसाला ही युक्ती पसंत पडावी अशीच आहे.

लष्करी वसाहतीतल्या आपल्या राहत्या जागेत ते या भोंग्यावर काम करीत. येणारे अधिकारी ऐकून थक्क होत आणि हे विकायला काढा म्हणत. १९४५ साली पेटंट मिळाले आणि १९४६ साली ‘क्लिप्श अँड असोसिएट्स’ या नावाने धंदा नोंदविला गेला.

टिनाची शेड

यातले ‘असोसिएट्स’ म्हणजे सहकारी कोण होते? कोणीच नव्हते. नाव भारदस्त दिसावे म्हणून तो शब्द घातला होता. आपल्याकडेही मुलगा पाळण्यात असतानाच पाटीवर ‘अँड सन्स’ रंगवून घेणारे दुकानदार आहेतच. पहिला पगारी माणूस १९४८ साली लागला. तोपर्यंत मालक, कारागीर, हिशेबनीस आणि हमाल सगळे एकच. कारखाना म्हणजे गावातल्या एका कपडे धुण्याच्या दुकानामागची टिनाची शेड. पुढे लष्कराने चाचणी मैदान बंद केल्यावर तिथली टेलिफोन एक्स्चेंजची इमारत त्यांच्या हाती आली आणि कामाला जरा ऐसपैस जागा मिळाली.

सगळे भाग स्वतःच बनवायचे असा हट्ट त्यांनी धरला नाही. हुन्नर खोक्यात आणि भोंग्यात होते, तिथे ते कोणाला हात लावू देत नसत. कोन, मॅग्नेट आणि युनिट मात्र बाहेरून घेत, मोजून घेत आणि पटले नाही तर परत करीत. मधल्या पट्टीच्या भोंग्यासाठी बरीच वर्षे वापरलेले युनिट अ‍ॅटलस या कंपनीचे होते. ही कंपनी सभा-मैदानांचे भोंगे बनविणारी. ट्वीटर इलेक्ट्रो-व्हॉइस कंपनीचा असे. म्हणजे श्रीमंतांच्या दिवाणखान्यात शिसवी-अक्रोडी लाकडामागे जे गात होते, ते खांबावरच्या भोंग्याचेच सख्खे भावंड होते. याच इलेक्ट्रो-व्हॉइसने क्लिप्श यांचे पेटंट परवान्यावर घेऊन आपलेही कोपऱ्याचे स्पीकर काढले. पेटंट कुलुपात न ठेवता भाड्याने लावल्यामुळे लहान कारखान्याला दोन पैसे सुटले असतील आणि भोंग्याचे नावही पसरले.

पाच वॉट पुरेत

क्लिप्श यांची जन्मभराची शिकवण थोडक्यात सांगायची तर ती अशी : जो स्पीकर कमी विजेत जास्त आवाज देतो, तोच स्वच्छ आवाज देतो. हे दोन वेगळे गुण नाहीत, एकाच गुणाची दोन टोके आहेत.

आधी विजेचे बघू. एक वॉट देऊन एक मीटरवर मोजले तर लहान घरगुती स्पीकर साधारण ८५ डेसिबल आवाज देतो. क्लिप्शहॉर्न १०५ च्या आसपास देतो. फरक २० डेसिबलचा. डेसिबलच्या हिशेबात २० म्हणजे शंभर पट वीज. लहान खोक्याला १०० वॉट लागतील तिथे या भोंग्याला एक वॉट पुरतो. १९४६ साली घरगुती अ‍ॅम्प्लिफायर व्हॉल्व्हचे आणि दहा-पंधरा वॉटचे असत, त्यामुळे ही गोष्ट सोन्यासारखी होती. देशाला गरज आहे ती चांगल्या पाच वॉटच्या अ‍ॅम्प्लिफायरची, असे क्लिप्श गमतीने म्हणत, आणि ते नुसती गंमत करीत नसत.

आता स्वच्छतेचे. खोक्यातल्या एकाच कोनाला खर्जासाठी लांब लांब उड्या माराव्या लागतात. त्याच कोनातून त्याच वेळी गवय्याचा आवाजही निघत असतो. कोन पुढे येताना तो आवाज किंचित चढतो, मागे जाताना किंचित उतरतो, जशी जवळ येणाऱ्या आणि लांब जाणाऱ्या आगगाडीची शिटी. परिणामी ढोल वाजला की गाणे गढूळ होते. क्लिप्श यांनी हा दोष मोजण्याचे काम वर्षानुवर्षे केले आणि त्यावर शास्त्रीय मासिकांत निबंध लिहिले. भोंग्यामागचा कोन जेमतेम हलतो, म्हणून त्याला हा रोग फार थोडा होतो, असे त्यांचे म्हणणे. साऊंडच्या धंद्यात आवाज फाटल्यावर आणखी वॉट ओतणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. पुष्कळदा अ‍ॅम्प्लिफायर कमी पडत नसतो, कोनाची उडी संपलेली असते. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने १९७८ साली त्यांना रौप्यपदक दिले ते स्पीकरच्या रचनेसाठी आणि या मोजमापांसाठी.

लाट उलटते

इथपर्यंतची हकिगत यशाची. पण धंद्यात लाट उलटते, तशी ती इथेही उलटली.

१९५४ साली मॅसॅच्युसेट्स राज्यात एडगर व्हिलचर यांनी हवाबंद लहान खोक्याचा स्पीकर काढला. पुस्तकांच्या कपाटात मावेल एवढा, तरी खर्ज भरपूर. तो वीज फार खाई. पण पुढे ट्रान्झिस्टर आले, वॉट स्वस्त झाले, आणि वीज खाण्याचा दोष कोणी मोजेनासे झाले. १९५८ च्या सुमारास स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या. आता एकाऐवजी दोन स्पीकर हवे झाले. घरात एक रिकामा कोपरा सापडतो. पण एकाच भिंतीचे दोन कोपरे, मध्ये दार नाही, खिडकी नाही, कपाट नाही, असे किती घरांत मिळणार? बाजार लहान खोक्यांकडे वळला आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे त्यांचीच राहिली.

क्लिप्श काय करू शकले असते? आपले नाव लहान खोक्यावर लावून विकता आले असते, आणि गिऱ्हाईकही मिळाले असते. त्यांनी ते केले नाही. पण नुसते अडूनही बसले नाहीत. दोन क्लिप्शहॉर्न लांबलांबच्या कोपऱ्यांत ठेवले की मधोमध आवाजाला भगदाड पडते, हे त्यांच्या ध्यानात आले. ते बुजविण्यासाठी १९५७ साली त्यांनी मध्ये ठेवायचा एक लहान स्पीकर काढला. तो कोपऱ्यात बसत नव्हता आणि त्याचा खर्जाचा कोन भोंग्यामागे नव्हता. कोपऱ्याच्या भोंग्याचा एवढा पुरस्कार करणाऱ्या माणसाने असला माल काढावा, हा तर धर्मद्रोह झाला, असे कोणी जवळचा माणूस म्हणाला. क्लिप्श यांनी त्याचेच नाव ‘हेरसी’, म्हणजे धर्मद्रोह, ठेवून टाकले. १९५९ साली ‘कॉर्नवॉल’ आला. कोपऱ्यात ठेवा की भिंतीला लावा, कॉर्नर आणि वॉल या दोन शब्दांची जोड. हा माणूस नाव ठेवण्यात फारसा वेळ घालवीत नसे.

१९६३ सालच्या ‘ला स्काला’ची गोष्ट आपल्याकडच्या साऊंडवाल्यांनी ऐकावी अशी आहे. विन्थ्रॉप रॉकफेलर हे आर्कान्साच्या गव्हर्नरपदासाठी उभे राहणार होते. सभांसाठी त्यांना हलविता येईल असा, कोपऱ्यावाचून चालणारा आणि लांबवर ऐकू जाणारा स्पीकर हवा होता. क्लिप्श यांनी घडीचा भोंगा साध्या प्लायवूडच्या मजबूत खोक्यात बसवून दिला. १९६४ ची ती निवडणूक रॉकफेलर हरले आणि १९६६ ची जिंकले. निवडणुकीचा भोंगा मात्र पुढे थिएटरांत आणि मग लोकांच्या घरात शिरला, आणि साठ वर्षे झाली तरी तो कंपनीच्या यादीत आहे. १९७१ साली त्याचीच जरा देखणी आवृत्ती काढून तिला त्यांनी पत्नीचे, बेल यांचे, नाव दिले.

भिंतीचा उपयोग करणारा आणखी एक अमेरिकन नावाजला, तो म्हणजे अमर बोस. त्यांचे वडील बंगालमधले स्वातंत्र्य चळवळीतले. बोस यांच्या १९६८ सालच्या स्पीकरमध्ये नऊपैकी आठ कोन मागच्या भिंतीकडे तोंड करून असत. त्यांचा रस्ता क्लिप्श यांच्या अगदी उलट होता. लहान कोन, भरपूर वॉट आणि जोरदार जाहिरात. बोस यांची कंपनी जगभर गेली आणि क्लिप्श यांची कितीतरी वर्षे होपच्या परिघात राहिली. एका मालाला धरून बसण्याची ही किंमत होती आणि ती त्यांनी मोजली.

कोटाच्या कॉलरमागचा बिल्ला

स्वभावाने हा गृहस्थ विक्षिप्तच. मित्रमंडळी त्यांना नावाच्या आद्याक्षरांनी ‘पीडब्ल्यूके’ म्हणत. स्वतःचे विमान चालवीत. कोटाच्या कॉलरच्या मागे एक पिवळा बिल्ला लावलेला असे आणि त्यावर ‘सगळी थाप’ या अर्थाचा जरा असभ्य इंग्रजी शब्द छापलेला असे. कोणी विक्रेता किंवा इंजिनिअर मोजमापावाचून गुण गाऊ लागला की क्लिप्श बोलत नसत, नुसती कॉलर उलटून दाखवीत.

१९६० पासून त्यांनी विक्रेत्यांसाठी एक पत्रक सुरू केले. त्याच्या नावात गावाच्या नावाशी यमक साधले होते आणि अर्थ होता ‘होपची आतली खबर’. त्यात ते स्वतः लिहीत : कोणता आकडा खरा, कोणता फुगवलेला, स्पीकर भिंतीपासून हलला तर काय बिघडते, तार किती जाड हवी. माल विकणाऱ्याला मालाचे शास्त्र समजले पाहिजे, असा त्यांचा आग्रह. आपल्या दुकानांत डब्यावर छापलेले हजार-हजार वॉटचे आकडे वाचून दाखविणाऱ्या विक्रेत्यांची संख्या पाहता असले पत्रक मराठीतही कोणी काढावे.

नावे ठेवणारे

नुसते गोडवे गाऊन चालणार नाही. क्लिप्शहॉर्नला नावे ठेवणारे पहिल्यापासून आहेत आणि त्यांचे सगळेच चूक नाही. मधल्या पट्टीचा भोंगा काही रेकॉर्डवर अंगावर येतो, कोणीतरी जवळून ओरडते आहे असे वाटते. खर्जाचा आवाज घडीतून फिरून येतो म्हणून वरच्या आवाजापेक्षा क्षणभर उशिरा पोचतो. खोलीचा कोपरा खरा काटकोनी आणि भिंत पक्की नसेल, खोके कोपऱ्याला घट्ट बसले नसेल, तर खर्ज गळतो. एकेक स्पीकर सुमारे साडेचार फूट उंच आणि शंभर किलोच्या आसपास. किंमत हजारो डॉलरच्या घरात. आपल्या दोन खोल्यांच्या घरात तो आणणे म्हणजे हत्ती बांधणेच.

तरीही ज्याने एकदा चांगल्या खोलीत तो ऐकला, तो बोलतो ती गोष्ट एकच असते : आवाज मोठा न करताही माणूस समोर बसून गातो आहे असे वाटते. ताशावर काडी पडते तो क्षण, वाद्याची अचानक उठलेली लय, हे भोंगा न दाबता सोडतो. लहान खोके हळू वाजविले की गाणे झोपते. भोंगा हळू वाजविला तरी जागा असतो. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरची हौस पुन्हा आली तेव्हा लोक याच कारणाने क्लिप्श यांच्या दाराशी आले. आठ-दहा वॉटच्या यंत्रावर खोली भरून टाकणारे स्पीकर बाजारात फार उरले नव्हते.

लाकूड आणि नंबर

माल टिकण्याचे दुसरे कारण दुरुस्तीत आहे. जुन्या क्लिप्शहॉर्नमध्ये न उघडणारे, चिकटवून टाकलेले, फेकूनच द्यावे लागणारे असे जवळपास काही नाही. कोन स्क्रूने बसतो, युनिट आट्यांनी फिरवून भोंग्याला लागते, क्रॉसओव्हर लाकडी फळीवर उघडा मांडलेला असतो. तीस-चाळीस वर्षांनी कपॅसिटर सुकले तर साधा रेडिओ मेकॅनिक ते बदलू शकतो. युनिटचा पातळ पडदा गेला तर पडदाच बदलतो. या कामावर अमेरिकेत लहान लहान दुकाने चालतात आणि जुने नग चांगल्या भावात हातोहात फिरतात.

तिसरे कारण सुताराचे. एका जोडीतल्या दोन्ही खोक्यांना एकाच लाकडाचा पातळ पापुद्रा लावतात, रेषा जुळवून. दोघांना लागोपाठचे नंबर देतात. त्यामुळे जोडी फुटली तर तिची किंमत उतरते, आणि पन्नास वर्षांनी एखाद्या नगाचा जोडीदार कुठे आहे याचा लोक नंबरावरून शोध घेतात. आतल्या घडीतली तिरकी पाटी जरा सैल राहिली की तीच वाजू लागते, म्हणून डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या जागचा सांधाही बाहेरच्या सांध्याइतकाच घट्ट करावा लागतो. फर्निचरवाल्याला इतके करावे लागत नाही.

१९८९ साली, पंच्याऐंशीव्या वर्षी, क्लिप्श यांनी कंपनी फ्रेड क्लिप्श या नातेवाइकाला विकली. फ्रेड व्यापारी डोक्याचे. त्यांनी कचेरी इंडियानापोलिसला हलविली, लहान घरगुती स्पीकर, सिनेमाचे स्पीकर, पुढे इअरफोनही काढले आणि धंदा पुष्कळ वाढविला. जुना माल या वाढीत अडगळ ठरण्याचा धोका होता. कॉर्नवॉल १९९० च्या सुमारास बंद झालाही. पण मागणी थांबेना, तेव्हा २००६ साली तो परत आणावा लागला. हेरसीचेही नवे रूप त्याच वर्षी आले. २०११ साली कंपनी ऑडिओव्हॉक्स या मोठ्या कंपनीकडे गेली. मालक बदलले तरी होपचे सुतारकाम होपमध्येच राहिले. २०१९ च्या सुमारास क्लिप्शहॉर्नची नवी आवृत्ती निघाली, तिची पाठ लाकडाने बंद केलेली आहे. म्हणजे भिंतीने करायचे काम खोक्यातच आले आणि स्पीकर कोपऱ्यात घट्ट चिकटवून ठेवायची सक्ती संपली. सत्तर वर्षांत त्या आराखड्यातली ही बहुधा सगळ्यात मोठी दुरुस्ती.

क्लिप्श यांना त्यांच्या हयातीत मान पुष्कळ मिळाला. ते जिथे शिकले त्या न्यू मेक्सिकोतल्या विद्यापीठाने आपल्या वीज-इंजिनिअरिंग विभागाला त्यांचे नाव दिले. होपमध्ये ती जुनी टेलिफोन एक्स्चेंजची इमारत अजून उभी आहे. आता तिथे संग्रहालय आहे आणि त्यात त्यांची अवजारे, वह्या आणि सुरुवातीचे भोंगे ठेवलेले आहेत. जवळच्या कारखान्यात जोड्या जुळविण्याचे आणि नंबर घालण्याचे काम चालूच आहे.